श्रद्धेच्या नावावर केलेला गुन्हा कायद्याला माफ आहे काय?



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघायची म्हटलं की बुद्धजयंती, धम्मचक्र प्रवर्तन, बाबासाहेबांचं चरित्र यावर लेख येतातच आणि ते यायलाही पाहिजेत. यंदा मी थोडा कोरडा विषय घेतलाय. कोर्टकचेरीचा आहे, पण आपल्या घरातला आहे. मी वकील नाही. डाळमिलचा कामगार आहे. रात्रपाळीतून उरलेल्या वेळात आणि वाचनालयाच्या कृपेनं जे वाचलं, वकील मित्रांना विचारून जे पक्कं करून घेतलं, तेवढंच इथं लिहितोय.

आमच्या मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत पेपर एकच असतो आणि ऐकणारे आठ-दहा. एकदा कुठल्याशा बाबाला अटक झाल्याची बातमी मोठ्यानं वाचली गेली. अंगातलं भूत काढतो म्हणून त्यानं एका बाईला चाबकानं मारलं होतं. बातमी संपली तसा एक जण म्हणाला, "बाबानं काय स्वतःच्या फायद्यासाठी मारलं का? देवाच्या कामात पोलीस कशाला यायलेत?" दुसऱ्यानं मान हलवली. हे दोघंही चांगले माणसं. कुणाच्या एका पैशाला हात लावणार नाहीत. म्हणून तर प्रश्न महत्त्वाचा. एखाद्यानं मनापासून, देवाला किंवा धर्माला स्मरून गुन्हा केला, तर कायदा त्याला सोडतो काय?

याचं उत्तर शोधायला लांब जायची गरज नाही. नांदेडहून मनमाडकडं जाणाऱ्या गाडीत बसलं की परभणीच्या पुढं मानवत रोड स्टेशन लागतं. गाव तिथून आत आहे. १९७२ चा दुष्काळ चालू होता. त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरला, म्हणजे देशभर बालदिन साजरा होत होता त्या दिवशी, मानवतला पहिला खून पडला. तिथून ४ जानेवारी १९७४ पर्यंत दहा खून झाले. मेलेल्यांत दहाएक वर्षांच्या पाच मुली, एक तान्हं लेकरू आणि चार बाया. पुरुष एकही नाही, हे ध्यानात ठेवा. आमची आई सांगायची की त्या दोन वर्षांत दिवेलागणीनंतर मराठवाड्यातल्या गावागावांत पोरींना दाराबाहेर पाठवत नसत.

तपासाला मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांच्यासारखे नामांकित पोलीस अधिकारी आले. सरकारी पक्षानं कोर्टात मांडलेली हकीकत अशी होती : गावातल्या एका वजनदार जोडप्याला मूल हवं होतं आणि जमिनीतलं गुप्तधन हवं होतं. पिंपळावरचा मुंजा प्रसन्न व्हायला कुमारिकांचं रक्त लागतं, असं मांत्रिकानं सांगितलं. मग मुली एकेक करून रानात नेल्या गेल्या. अठरा जण आरोपी झाले आणि त्यातले दोघं पुढं माफीचे साक्षीदार बनले. खटला परभणीच्या सेशन कोर्टातून हायकोर्टात आणि तिथून सुप्रीम कोर्टात गेला. १९७७ साली न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी निकाल लिहिला. ज्यांच्याविरुद्ध प्रत्यक्ष पुरावा उभा राहिला त्यांना फाशी झाली. ज्या जोडप्यासाठी हे सगळं झालं असं सरकारी पक्ष म्हणत होता ते मात्र सुटलं, कारण माफीच्या साक्षीदाराच्या जबानीला लागतो तसा दुसरा भक्कम दुजोरा मिळाला नाही. परवा २०२४ साली या प्रकरणावर मालिकासुद्धा आली, तुमच्यापैकी पुष्कळांनी मोबाईलवर पाहिली असेल.

मालिका पाहताना जी गोष्ट निसटते ती मला सांगायचीय. आरोपी होते, नामांकित वकील होते, तीन कोर्टं झाली. या सगळ्यात बचाव काय होता? 'आम्ही हे केलंच नाही.' 'होय, केलं, पण मुंजाच्या श्रद्धेनं केलं, म्हणून आम्हाला सोडा' हा बचाव कुणी घेतला नाही. जे सुटले ते पुराव्याअभावी सुटले, श्रद्धेमुळं नाही. आमच्या मिलमधल्या माणसाला जे सहज बोलता आलं, ते फाशीच्या दोरासमोर उभ्या असलेल्या माणसालाही कोर्टात बोलता आलं नाही, कारण त्या बोलण्याचा उपयोग शून्य आहे हे त्याचा वकील जाणून होता.

असं का, हे समजायला थोडं मागं जावं लागतं. पूर्वी आपल्या मुलखात गुन्हा एक आणि शिक्षा अनेक असा प्रकार होता. कोणत्या वर्णाच्या माणसानं कोणत्या वर्णाच्या माणसाविरुद्ध केला यावर दंड ठरायचा. धर्मशास्त्र हेच फौजदारी शास्त्र, मग धर्मानं सांगितलेला गुन्हा हा गुन्हा कसा ठरणार? ही गाठ इंग्रजी अमलात सुटायला लागली. ४ डिसेंबर १८२९ ला बेंटिंकनं बंगालमध्ये सती जाळणं हा गुन्हा ठरवला. त्याविरुद्ध धर्म बुडाला म्हणून थेट विलायतेपर्यंत अर्ज गेला आणि १८३२ साली प्रिव्ही कौन्सिलनं तो फेटाळला. पुढं १८६० चा भारतीय दंड संहितेचा कायदा आला. आपल्या मराठवाड्यात तेव्हा निजामाचं राज्य होतं, त्याची संहिता वेगळी होती. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मुक्त झालो आणि १९५१ साली उर्वरित भारताची दंड संहिता इथं लागू झाली. आता १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आहे. आकडे बदलले (खुनाचं ३०२ होतं, ते १०३ झालं), पण या बाबतीतला गाभा तोच आहे.

गाभा म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगतो. कायदा दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. तू काय करायचं ठरवून हात उचललास, ही एक. आणि कशासाठी उचललास, ही दुसरी. पोटच्या लेकरासाठी केलेली चोरी ही चोरीच. मनातलं कारण शिक्षा कमी-जास्त करताना न्यायाधीश विचारात घेईल, पण गुन्हा पुसला जात नाही. देवाची आज्ञा हे या दुसऱ्या रकान्यातलं कारण. १९७३ साली पंजाबातलं एक प्रकरण सुप्रीम कोर्टापुढं आलं होतं. बापानंच आपल्या चार वर्षांच्या मुलाचा बळी दिला होता. त्याच्या श्रद्धेबद्दल कुणाला शंका नव्हती; खोटी श्रद्धा असती तर माणूस स्वतःचं लेकरू कशाला देईल? कोर्टानं त्याची फाशी कायम ठेवली.

मग कायदा कधीच सोडत नाही काय? सोडतो. आणि कुठं सोडतो ते पाहिल्यावरच खरी मेख कळते. दोन निकाल सांगतो.

पहिला कलकत्ता हायकोर्टाचा, १९४९ चा. एका माणसाला स्वप्न पडलं की स्वर्गातून कुणीतरी त्याला मुलाचा बळी द्यायला सांगतंय. सकाळी तो आपल्या लहान मुलाला मशिदीत घेऊन गेला आणि त्याच्या गळ्यावर सुरी चालवली. लपवाछपवी केली नाही. कोर्टानं त्याला दंड संहितेच्या कलम ८४ चा, म्हणजे वेडाचा, फायदा दिला. (नव्या संहितेत हे कलम २२ आहे.) त्याच्या डोक्याला आजार होता आणि आपण करतोय ते चूक आहे हे कळण्याची शक्तीच त्यात गेली होती, म्हणून. त्याची श्रद्धा जबर होती म्हणून नाही. पंजाबचा बाप आणि हा बाप, दोघांनीही मुलगाच मारला, दोघांनाही देव दिसत होता. एकाचं डोकं शाबूत होतं आणि दुसऱ्याचं नव्हतं, एवढाच फरक.

दुसरा ओरिसा हायकोर्टाचा. घटना १९५८ ची. हा निकाल मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला रात्री पाळीवर झोप आली नाही. रसगोविंदपूर इथं लढाईच्या काळातला एक ओसाड विमानतळ होता. तिथलं भंगार विकत घ्यायला कलकत्त्याचा एक व्यापारी आपल्या नेपाळी नोकराला घेऊन आला. त्या माळावर भुतं आहेत, अशी सगळ्या परिसरात बोलवा होती. रात्री लांब अंधारात एक उजेड हलताना दिसला, वाऱ्यानं फडफडत होता आणि त्याच्या भोवती आकृत्या फिरत होत्या. नेपाळी नोकर खुकरी उपसून धावला आणि त्यानं वार केले. ती भुतं नव्हती. आदिवासी बाया कंदील घेऊन मोहाची फुलं वेचत होत्या. एक बाई मेली, दोघी जखमी झाल्या. खटला उभा राहिला आणि तो नोकर सुटला.

आता तुम्ही म्हणाल, हे कसं? भुतावरची श्रद्धा चालली की! नाही, ती चालली नाही. कोर्टानं कलम ७९ लावलं (आता १७). माणसाची गल्लत झाली तर ती कशाबद्दल झाली, हे कायदा विचारतो. समोर काय आहे याबद्दल प्रामाणिक गल्लत झाली असेल, तर माफी मिळू शकते. समोर माणूस आहे हेच त्याला माहीत नव्हतं. पण समोर माणूस आहे हे माहीत असूनही 'याला मारायचा मला धर्मानं अधिकार दिलाय' असं वाटत असेल, तर ती गल्लत वस्तुस्थितीची नाही, कायद्याबद्दलची आहे. तिला माफी नाही. मानवतच्या मुली ह्या मुली आहेत हे मारणाऱ्यांना पुरतं माहीत होतं, किंबहुना मुली होत्या म्हणूनच त्यांना नेलं. चाबूक मारणाऱ्या बाबालाही समोर बाई आहे हे दिसतच असतं. शिवाय कलम ७९ चा फायदा मागणाऱ्यानं पुरती काळजी घेतली होती काय, हेही पाहिलं जातं. त्या आदिवासी बाईच्या बाजूनं विचार केला तर मला आजही तो निकाल गळी उतरत नाही. मोहाची फुलं वेचणारीनं आपण भूत नाही हे सिद्ध करायचं कसं? पण निकाल तो निकाल. त्याचा अर्थ तरी सरळ समजून घेतला पाहिजे.

आपल्या मुंबई हायकोर्टानं हा प्रश्न १९५१ साली धर्माच्या अंगानं थेट सोडवला. मुंबई प्रांतात १९४६ साली हिंदू पुरुषाला एक बायको असताना दुसरी करण्याची बंदी करणारा कायदा झाला होता. नरसू अप्पा माळी खटल्यात युक्तिवाद असा झाला की मुलगा झाल्याशिवाय हिंदूला सद्गती नाही. पहिलीला मुलगा होत नसेल तर दुसरी करणं हा धर्म आहे. मुख्य न्यायाधीश चागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्यापुढं हे चाललं. चागलांनी सांगितलं ते असं की श्रद्धा वेगळी आणि श्रद्धेपोटी केलेली कृती वेगळी. राज्य संरक्षण देतं ते श्रद्धेला. कृती लोकांच्या हिताच्या आड आली तर कृतीनं मागं हटायचं. आणि एक मार्मिक गोष्ट त्यांनी दाखवून दिली : ज्या धर्मानं मुलगा पाहिजे म्हटलं, त्याच धर्मानं दत्तक घ्यायचीही सोय केलेली आहे. म्हणजे धर्माची गरज होती ती भागत होती. दुसरी बायको ही गरज कुणा दुसऱ्याचीच होती!

अमेरिकेत हेच १८७९ साली होऊन गेलं होतं. उटा प्रांतात मॉर्मन नावाच्या पंथात पुरुषानं अनेक बायका करणं हे धर्मकर्तव्य मानत. रेनॉल्ड्स नावाच्या माणसावर खटला झाला आणि तो तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. कोर्टानं उलट विचारलं की नरबळी हा पूजेचा भाग आहे असं कुणी मानलं, तर सरकारनं हात बांधून बसायचं काय? बाईनं नवऱ्याच्या चितेवर जळणं हा धर्म आहे असं तिला वाटलं, तर तिला अडवायचं नाही काय? सातासमुद्रापलीकडच्या न्यायाधीशांना उदाहरण द्यायला आपलीच सती सापडली.

आता घटना. कलम २५ प्रत्येकाला धर्म मानण्याचं, आचरण्याचं, प्रचार करण्याचं स्वातंत्र्य देतं. पण त्या कलमाची सुरुवातच अटीनं होते : सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या अधीन राहून. नांदेडकरांना याचं उदाहरण रोज रस्त्यात दिसतं. हुजूर साहिबला येणारे शीख बांधव कृपाण बाळगतात. ते बाळगणं हा शीख धर्म मानण्याचा भाग आहे, असं त्याच कलम २५ च्या स्पष्टीकरणात लिहिलेलं आहे. धर्माचा मान म्हणून घटनेनं शस्त्र कमरेला ठेवू दिलं. ते उपसून कुणावर वार करायची परवानगी मात्र त्यात नाही आणि कुठला शहाणा शीखही ती मागत नाही. माझ्या मते सगळा विषय या एका उदाहरणात येतो.

बाबासाहेब घटना समितीत २ डिसेंबर १९४८ ला याच मुद्द्यावर बोलले. या देशात धर्माची कल्पना एवढी पसरट आहे की जन्मापासून मरणापर्यंतचं सगळं तिच्या पोटात जातं. तेवढं सगळं धर्म म्हणून राखायचं ठरवलं तर सुधारणेचा एकही कायदा करता यायचा नाही. म्हणून धर्माची व्याख्या श्रद्धा आणि खरोखर धार्मिक असलेले विधी एवढ्यापुरतीच आखून घ्यावी, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. हे ते पुस्तक वाचून बोलत नव्हते. त्यांनी महाड पाहिलं होतं.

चवदार तळ्याचा २० मार्च १९२७ हा दिवस आपल्याला पाठ आहे. पाणी पिऊन लोक परतले त्यानंतर काय झालं, ते आपण भाषणात घाईघाईनं सांगतो. गावात आवई उठवली गेली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. देव बाटणार, धर्म बुडणार. तेवढ्या आवईवर जेवायला बसलेल्या, गावाकडं निघालेल्या आपल्या माणसांवर काठ्या चालल्या. बाया-पोरांनाही सोडलं नाही. मग तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून शुद्धी केली गेली. म्हणजे डोकी फोडण्याला 'धर्मरक्षण' हे नाव तेव्हाही तयार होतं. फौजदारी खटला चालला आणि दंगेखोरांपैकी काहींना त्याच वर्षी जूनमध्ये सक्तमजुरी झाली. कोर्टानं वीरेश्वराला साक्षीला बोलावलं नाही. दुसरीकडं तळ्याच्या हक्काचा दिवाणी दावा दहा वर्षं चालला. अस्पृश्यांनी तळं वापरायचं नाही ही अनादी काळची रूढी आहे, असा सनातन्यांचा आधार होता. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं सांगितलं की अशी रूढी तुम्हाला सिद्ध करता आलेली नाही.

या सगळ्याचा निचोड कायद्यात उतरला तो १७ व्या कलमात आणि १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्यात. १९७६ साली त्यात दुरुस्ती होऊन त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झालं आणि एक स्पष्टीकरण नव्यानं आलं. ते आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ पाहिजे. ऐतिहासिक, तात्त्विक किंवा धार्मिक कारणं देऊन, अगर जातिव्यवस्थेची परंपरा सांगून कुणी अस्पृश्यतेचं समर्थन केलं, तर ते समर्थन करणं हाच गुन्ह्याला चिथावणी दिल्यासारखं धरलं जातं. बघा हं, इथं कायदा एक पायरी वर चढलाय. इतर ठिकाणी धर्माचं कारण सांगितलं तर कोर्ट म्हणतं, ऐकलं, पण उपयोग नाही. इथं कारण सांगितलंत तर तेच तुमच्या अंगावर येतं. साऱ्या फौजदारी कायद्यात असं दुसरं कलम मला तरी ठाऊक नाही.

हे झालं दुसऱ्यांच्या धर्माचं. आपल्या घरातही पाहिलं पाहिजे, नाहीतर लेख एकतर्फी होईल. अंगुलीमालाची गोष्ट आपण मुलांना सांगतो. पसेनदी राजा सैन्य घेऊन त्याला पकडायला निघाला आणि पाहतो तर तो भिक्खू होऊन बुद्धांजवळ बसलेला. राजानं त्याला हात लावला नाही. मग चीवर घातलं की खून माफ काय, असा प्रश्न कुणीही विचारील. लोकांनी त्याच काळात विचारला होता. विनयपिटकाच्या महावग्गात त्याची नोंद आहे. बिंबिसार राजानं जाहीर केलं होतं की शाक्यपुत्र श्रमणांत जो प्रव्रजित झाला त्याला कुणी काही करायचं नाही. मग काय, तुरुंग फोडून आलेला चोर संघात, कर्ज बुडवलेला माणूस संघात, लढाई नको म्हणून पळालेला राजाचा शिपाई संघात! लोक कुरकुरू लागले. तथागतांनी लोकांना 'ही श्रद्धेची बाब आहे, तुम्ही बोलू नका' असं सांगितलं नाही. त्यांनी नियम केला : नामचीन दरोडेखोराला प्रव्रज्या द्यायची नाही, तुरुंगातून पळालेल्याला नाही, ज्याला पकडायचा हुकूम निघालाय त्याला नाही, कर्जदाराला नाही, राजाच्या शिपायाला नाही. संघ ही लपायची जागा होऊ नये, याची काळजी अडीच हजार वर्षांपूर्वी संघानं स्वतः घेतली. आणि अंगुलीमालाबद्दल सुत्तातच लिहिलंय की तो भिक्षेला गेला तेव्हा लोकांचे दगड त्याच्या डोक्यावर बसले, पात्र फुटलं, चीवर फाटलं. बुद्धांनी त्याला ते सहन कर म्हणून सांगितलं.

आता जवळच्या काळात येतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समिती यांनी जादूटोणाविरोधी कायद्यासाठी पंधरा-अठरा वर्षं धडपड केली. त्याला धर्मविरोधी म्हणून हिणवलं गेलं. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉक्टरांचा खून झाला आणि लगेच त्या आठवड्यात वटहुकूम निघाला. डिसेंबरात विधिमंडळानं कायदा केला. वटहुकूम निघून दोन आठवडे होत नाहीत तोच त्याखालचा पहिला गुन्हा राज्यात कुठं नोंदला गेला? आपल्या नांदेडला. कॅन्सर, मधुमेह, एड्स चमत्कारानं बरे करतो अशा जाहिराती करणारे दोघं धरले गेले. हा पहिलेपणा मिरवायचा की लाजायचं, ते ज्यानं त्यानं ठरवावं. मला तरी तक्रार नोंदली गेली याचं बरं वाटलं.

या कायद्याच्या शेवटी बारा बाबींची अनुसूची आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीनं बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, पायताण भिजवलेलं पाणी पाजणं. गुप्तधनासाठी, करणी-भानामतीच्या नावाखाली अघोरी कृत्य करणं. एखादी व्यक्ती जादूटोणा करते म्हणून तिचं जगणं मुश्कील करणं. साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात नेऊ न देणं. शिक्षा कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त सात वर्षं. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. पूजा, यात्रा, प्रदक्षिणा, भजन, कीर्तन, प्रवचन यांना कायदा लागू नाही, असं त्यातच स्वच्छ लिहिलेलं आहे. म्हणजे श्रद्धेची वाट मोकळी आणि अंगावर हात टाकायची वाट बंद. आपल्या बायांसाठी आणखी एक हत्यार आहे. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला ती चेटूक करते असा आळ घेऊन इजा केली किंवा मनस्ताप दिला, तर तो आता त्या कायद्याखालचा गुन्हा आहे. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरलं जातं, त्यामुळं तो आपल्यालाही लागू आहे.

भानामतीचा आळ कुणावर येतो, ते लातूर-नांदेडच्या माणसाला सांगायला नको. विधवा, एकटी राहणारी, थोडं फटकून बोलणारी, जिच्या मागं भाऊ-पुतणे नाहीत अशी. पाटलाच्या आईवर तो आळ कधी आलेला मी ऐकला नाही. आणि कटू बोलतो, पण आळ घेणाऱ्यांत, धुरीसाठी मिरच्या आणून देणाऱ्यांत आपलीही माणसं असतात. मंचावर बावीस प्रतिज्ञा म्हणायच्या आणि पोरीला झटके यायला लागले की अंधार पडल्यावर देवऋष्याकडं जायचं, हे आपल्या वस्तीत घडत नाही असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

कोर्टात जो बचाव कुणी घेत नाही तो गावात मात्र रोज चालतो, तो असा. आमच्या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरच्या एका गावात आपल्याच समाजातल्या साठीच्या बाईला भानामतीच्या आळावरून देवळासमोर बसवून धुरी दिली. शेजारच्या घरातलं लेकरू आजारी होतं, एवढं कारण. बाईचा डोळा सुजला, छातीत दुखायला लागलं. बैठक बसली आणि आपल्यातलेच दोन प्रतिष्ठित म्हणाले, "लोकांची श्रद्धा आहे, त्यांनी काही वाईट हेतूनं केलं नाही, मिटवून घ्या." बाईला पाचशे रुपये आणि लुगडं द्यायचं ठरलं. पोलिसांत गेल्यावर आधी अदखलपात्र म्हणून कागद हातात दिला. आम्ही चार जणांनी कायद्याची प्रत पुढं ठेवली, अनुसूचीतली पहिली बाब बोटानं दाखवली आणि वरच्या साहेबांना अर्ज दिला. तेव्हा कुठं तिसऱ्या दिवशी रीतसर गुन्हा नोंदला गेला. ज्यात धुरी दिली ती लोखंडी पाटी पंचनाम्यात जप्त दाखवलेली आहे.

बाईनं लुगडं घेतलं नाही. जबाब देताना फौजदारानं तिला विचारलं की त्यांचा तुमच्यावर काही जुना राग होता काय. ती म्हणाली, "राग नव्हता साहेब. त्यांना खरंच वाटत होतं." तिनं सांगितलं तसंच ते वाक्य जबाबात उतरवून घेतलंय. आरोपीचा वकील उद्या तेच वाक्य वाचून दाखवील आणि सरकारी वकीलही तेच वाचील. खटला उभा आहे, दोन तारखा झाल्या. पुढच्या तारखेला माझी साक्ष आहे.